पंखा तोच ठेवून सेल वाढवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेडिओवर चालणाऱ्या विजेच्या शर्यती बोटींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्राने हायड्रोप्लेनला, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकून धावणाऱ्या बोटीला, अर्धे पान दिले, याचा आनंद आहे. मात्र ‘बोट मंद वाटल्यास जास्त केव्हीची (म्हणजे जास्त फेरे घेणारी) मोटर बसवा किंवा बॅटरीत एक सेल वाढवा’ हा त्यातला सल्ला जसाच्या तसा पाळला, तर बोट कोलांटी खाईल आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) जळेल. हे का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

हायड्रोप्लेन वेगात असताना तिचा भार पाण्यावर फक्त तीन ठिकाणी टेकतो. पुढचे दोन स्पॉन्सन (दोन्ही बाजूंना पाण्यावर टेकणारे भाग) आणि मागचा पंखा (प्रोपेलर). त्या पंख्याचाही निम्मा भाग पाण्याबाहेर असतो. १९५० साली सिअॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन फोर’ने ताशी १६०.३२३ मैलांचा विक्रम केला, तो याच रचनेवर. दोन स्पॉन्सनच्या मधल्या पोकळीत शिरणारी हवा बोटीला उचलून धरते, म्हणून पाण्याचा अडसर कमी होतो. पण हीच हवा नाकाखाली जरा जास्त शिरली, तर बोट मागे उलटते. डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड के-७’ ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर अशीच नाक वर करून उलटली आणि ते दगावले. तिला पंखा नव्हता, जेट होते; हवेला त्याने फरक पडत नाही.

आता सेलचा हिशेब. चार सेलच्या जागी पाच म्हणजे व्होल्टेज सव्वापट. पंखा तोच असेल आणि फेरेही त्याच प्रमाणात वाढले, तर वेग सव्वापट होतो. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती दीडपटीच्याही वर गेली. मोटरचा करंटही साधारण तेवढाच वाढतो, आणि लागणारी शक्ती जवळपास दुप्पट होते. १०० अँपिअर ओढणारी मोटर दीडशेच्या वर मागू लागते, ईएससी मात्र १२० चाच असतो. सेल वाढवायचाच असेल, तर आधी पंखा लहान करा.

लेखात वेगाचा अंदाज काढण्याची रीत राहून गेली आहे. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मोटरचे मिनिटाला रिकामे, म्हणजे भार नसतानाचे, फेरे. १८०० केव्हीची मोटर चार सेलच्या १४.८ व्होल्टवर २६,६४० फेरे घेते. पाण्यातल्या भाराखाली त्यातले ८० टक्के धरा. ४२ मिलिमीटर व्यासाचा, १.४ पिचचा पंखा एका फेऱ्यात व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिलिमीटर, पुढे सरकायला हवा. यावरून ताशी ७५ किलोमीटर येतात, १५ टक्के घसर वजा केली की ६४. प्रत्यक्षात बोट ५० लाच अडकत असेल, तर मोटर बिचारी निर्दोष आहे. चूक बोटीच्या बैठकीत, म्हणजे भागांच्या कोन-उंचीच्या जुळणीत, शोधा.

ही बैठक लावायला स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम. त्याच्याइतका सपाट पृष्ठभाग घरात सहसा दुसरा नसतो. पुढचे आकडे साधारण ७५ सेंटिमीटर लांबीच्या, चार सेलच्या बोटीसाठी सुरुवातीचे म्हणून धरावेत. स्ट्रटचा (पंख्याचा दांडा पेलणाऱ्या मागच्या आधाराचा) तळ आणि स्पॉन्सनच्या मागच्या कडा एका पातळीत ओट्याला टेकाव्यात, आणि शाफ्ट, म्हणजे तो दांडा, ओट्याला समांतर असावा. अशा स्थितीत स्पॉन्सनचा धावता तळ ३ अंश चढता हवा. कोनमापक नसला तरी अडत नाही. कडेपासून १०० मिलिमीटर पुढे तळ ओट्यापासून ५ मिलिमीटर वर भरला, की झाले ३ अंश. ७ मिलिमीटर म्हणजे ४ अंश, आणि त्यापुढे गेलात तर बोट बेडकासारखी उड्या मारते. डावा आणि उजवा स्पॉन्सन वेगवेगळा मोजा. कारखान्यातून आलेल्या हलमध्येही (बोटीच्या मूळ अंगात) दोन्हींत अर्ध्या अंशाचा फरक निघू शकतो, आणि सरळ रेषेतही एका बाजूला ओढणाऱ्या बोटीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

गुरुत्वमध्य बोटांवर तोलून बघण्यापेक्षा पिठाचा काटा वापरा. बॅटरीसकट सगळे सामान आत बसवून आधी पूर्ण बोटीचे वजन करा. मग स्ट्रटचे टोक काट्यावर आणि स्पॉन्सनच्या मागच्या कडा तेवढ्याच उंचीच्या वह्यांवर ठेवा. समजा बोट २२०० ग्रॅमची आहे, कडेपासून काट्यावरच्या टेकूपर्यंतचे अंतर ३८० मिलिमीटर आहे आणि काटा १८० ग्रॅम दाखवतो. ३८० ला १८० ने गुणून २२०० ने भागा, ३१ येतात. म्हणजे गुरुत्वमध्य कडेच्या ३१ मिलिमीटर मागे आहे. या मापाच्या बोटीला २५ ते ४० योग्य. बॅटरी वेल्क्रोवर असावी, कारण पुढचा सगळा खेळ तिला ५-५ मिलिमीटर सरकवण्याचा आहे. (स्पॉन्सन दांड्यांवर लांब बसवलेल्या आउटरिगरला हे माप लागू नाही, तिथे कड ते पंखा या अंतराच्या २५ ते ३० टक्के धरतात.)

पाण्यावर गेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सर्वांत नाजूक स्ट्रट. त्याला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये. स्ट्रट खाली घेतला, की पंख्याची उचल वाढते, शेपटी वर येते आणि नाक दबते. वर घेतला की उलट होते. पंख्याकडचे टोक किंचित खाली झुकवले तरी शेपटी उचलली जाते. सरळ रेषेत नाक हलके होऊन तरंगू लागले, तर बॅटरी पुढे घ्या किंवा स्ट्रट थोडा उतरवा. शेपटी थडथड उडत असेल, तर स्ट्रट फार खोल आहे किंवा पंखा जास्त उचलतो आहे. वळणावर नाक पाण्यात खुपसून बोट गर्रकन फिरली, तर वजन पुढे जास्त झाले आहे.

वळणाची दुसरी बाजू टर्न फिन, म्हणजे वळताना बोटीला पाण्यात धरून ठेवणारे उभे पाते. मॉडेलच्या शर्यतीत घड्याळाच्या दिशेने फेऱ्या असतात, म्हणून फिन उजव्या स्पॉन्सनला. तिची धार बोथट असेल किंवा पत्रा वाकत असेल, तर बोट वळताना बाहेर घसरते. गुण्या लावून ती उभी आहे ना, आणि मध्यरेषेला समांतर आहे ना, ते पाहा. एका अंशाने तिरपी फिन सरळ रेषेत ब्रेकचे काम करते, आणि वेग कुठे गेला याचा पत्ता लागत नाही.

पंखा दुकानातून आणून तसाच लावू नये. कडा धारदार कराव्या लागतात आणि दोन्ही पाती तोलावी लागतात. मागून दिसणारी बाजू दाबाची, तिला कानस लावायची नाही. जड पात्याची दुसरी बाजू घासायची. ऑक्टुरा कंपनीचे धातूचे पंखे बेरिलियम तांब्याचे असतात आणि त्यांची भुकटी फुप्फुसाला घातक असते. त्यामुळे ओला पॉलिश पेपर, तोंडावर मास्क, आणि हे काम घरात मुळीच नको. (ओट्याची शिफारस फक्त मोजमापापुरती!)

मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या लवचीक फ्लेक्स शाफ्टबद्दल लेखात एक शब्दही नाही. भार आला की हा पिळाचा शाफ्ट आखडतो, म्हणून ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, पंख्याला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट यांच्यात ३ मिलिमीटर फट ठेवतात. फट नसेल, तर डॉग स्ट्रटवर घासतो, बेअरिंग तापते आणि लोक मोटर बदलतात. दिवस संपला की शाफ्ट बाहेर काढून पुसायचा आणि नवे मरिन ग्रीस लावायचे.

लेखाच्या छायाचित्रात बॅटरीच्या तारा चांगल्या वीतभर वाढवलेल्या दिसतात. हे टाळावे. बॅटरी आणि ईएससी यांच्यातली तार लांबली, की व्होल्टेजचे हेलकावे वाढतात आणि ईएससीचे कपॅसिटर फुटतात. लांबवायचीच तर मोटरकडची तार लांबवा. ५००० एमएएचच्या बॅटरीतले ४००० वापरून थांबावे. अडीच मिनिटांत तेवढे संपले, तर सरासरी ९६ अँपिअर गेले. बोट किनाऱ्याला येताच मोटर ७०, ईएससी ६० आणि बॅटरी ५५ अंश सेल्सिअसच्या आत असायला हवी. अर्ध्या थ्रॉटलवर पाणी नांगरत रेंगाळणारी बोट पूर्ण वेगातल्या बोटीपेक्षा ईएससीला जास्त तापवते, हे नवख्यांना खरे वाटत नाही. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे तळ्याचेच पाणी ३० अंशांच्या आसपास असते, तेव्हा नळीतून फिरणाऱ्या पाण्याकडून फार थंडाव्याची अपेक्षा नको.

जागेचेही पाहावे लागते. रंकाळा आणि पवई या दोन्ही तलावांना जलपर्णीने छळले आहे. एक देठ शाफ्टला गुंडाळला, की पंखा अडतो आणि थ्रॉटल दाबून धरलेल्याचा ईएससी क्षणात जातो. खाडीचे पाणी वापरले, तर त्याच संध्याकाळी बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावे. हलमध्ये दोन्ही बाजूंना फोम ठासलेला हवाच, नाहीतर उलटलेली बोट तळाशी जाते.

शेवटी एक विनंती. ‘बोट बंद पडल्यास पोहत जाऊन आणावी’ हे लेखातले वाक्य पुढच्या पुरवणीत कृपया मागे घ्यावे. पवईत मगरी आहेत, आणि जिथे त्या नाहीत तिथे गाळ आणि वेली आहेत. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकावा आणि दोरी हळूहळू गुंडाळत बोट किनाऱ्याला ओढावी.

आपला,
एक वाचक, ठाणे