पिल्लूच्या टाळूबद्दल

प्रिय सोनू,

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला, फोन करणार होती पण फोनवर तू रडशील आणि मला धड काही सांगता येणार नाही म्हणून लिहूनच पाठवते. पिल्लूची टाळू धडधड उडते म्हणून तू घाबरून राहिली ना, अगं ते अगदी बरोबर आहे, तिथे हाड नसतंच. आतली नाडी वरून दिसते एवढंच. आणि हाड नसलं तरी चिवट पडदा असतो, हलक्या हातानं तेल लावलं, न्हाऊ घातलं तर काही होत नाही बाप्पा.

आमच्या ॲनाटॉमीच्या म्युझियममध्ये नवजात बाळाची एक कवटी आहे, मी कितीदा तिच्यासमोर जाऊन उभी राहते. माथ्यावर पतंगाच्या आकाराची मोकळी जागा, चार हाडं तिथे समोरासमोर येऊन थांबलेली, कपाळाची दोन आणि बाजूची दोन. हो, कपाळसुद्धा जन्माच्या वेळी दोन तुकड्यांत असतं! मागच्या बाजूला अजून एक लहान तिकोनी टाळू असते, ती दोन-तीन महिन्यांत बंद होते, तुला बहुतेक कळणारही नाही. पुढची भरायला साधारण दीड वर्ष लागतं, कोणाची लवकर भरते, कोणाची दोन वर्षांपर्यंत. आजी म्हणतात तेलानं भरते, त्यांना लावू दे तेल, पण भरतात ती हाडंच, कडेनं वाढत वाढत. ती सुटी असतात म्हणूनच डिलिव्हरीच्या वेळी एकमेकांवर थोडी सरकतात आणि डोकं बाहेर येतं, पिल्लूचं डोकं लांबुळकं दिसलं ते त्यामुळे, काही दिवसांत आपोआप जागेवर येतं. म्हणून गोल करायला कोणी दाबत असेल तर प्लीज दाबू देऊ नको, मोहरीची उशी पण नको. पाठीवर झोपव आणि मान कधी इकडे कधी तिकडे वळव, बस.

आणि घाई का नसते हाडांना, तर मेंदू पहिल्या वर्षात जवळपास दुप्पट होतो, त्याला जागा पाहिजे. मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडं असतात आणि खालचा जबडा सोडला तर एकही हलत नाही, सांधे इतके नागमोडी की दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली तर जसं दिसेल तसे. मी अभ्यासाच्या हाडांच्या संचातल्या (बोन सेट) कवटीवर त्या रेषेवरून बोट फिरवते तेव्हा मला खरंच भरून येतं, हे सगळं कोणी न शिकवता होतं. पिल्लूच्या अंगात आत्ता तीनशेच्या आसपास हाडं आणि कुर्च्यांचे, म्हणजे मऊ लवचिक हाडासारखे, तुकडे आहेत, जुळत जुळत ते २०६ होतील, हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या, हाडाचं आतलं टोक तर पंचविशीपर्यंत जुळत राहतं. गुडघ्याची वाटी अजून नुसती कुर्चाच आहे तिची.

आता महत्त्वाचं. नागपूरचा मे आहे, पारा ४५ ला टेकतो, तर टाळूकडे रोज एक नजर टाकत जा. बाळ शांत असताना, उभं धरून बघायचं. आत खोल गेलेली दिसली, शू कमी झाली, तोंड कोरडं पडलं तर अंगातलं पाणी कमी झालं असं समज आणि लगेच डॉक्टरकडे ने, संध्याकाळची वाट पाहू नको. टाळू फुगून टणक झाली आणि सोबत ताप किंवा उलट्या असतील तरी तसंच, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. रडताना थोडी फुगते, त्याला घाबरायचं नाही. आणि कितीही उन्हाळा असो, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच जास्त वेळा पाज, सासूबाई काही म्हणाल्या तर माझं नाव सांग.

दीड महिन्याच्या लसीला जाशील तेव्हा डोक्याचा घेर टेपनं मोजून कार्डावर लिहायला सांगशील, पुढे पण दर वेळी. जन्मतः साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षभरात दहा-बारा सेंटीमीटर वाढतो. एका आकड्यावरून काही कळत नाही, कसा वाढतो ते बघायचं असतं. तर प्रत्येक वेळचा मला पाठव, मी इथे ग्राफवर मांडत जाईन.

तुझी,
मनू