कातळावरचे बियाणे मुरुमाखाली गाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या तोंडावर नाशिकहून डोंगरांकडे बीजगोळे आणि कुदळी घेऊन निघणारे गट अलीकडे बरेच दिसू लागले आहेत. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. परंतु अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्र्यंबक परिसरातील इतर डोंगरांच्या माथ्यांवरचा उघडा कातळ रिकामा समजून त्यावर खड्डे खणू नयेत, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या काळ्या बेसाल्टच्या खोलगट जागांत माती असते ती जेमतेम दोन-चार बोटे. पावसाळ्याचे चार महिने तेथे पाणी साचते आणि पुढे आठ महिने खडक तापत राहतो. सोनकी, तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवे या वर्षायू वनस्पती दिवाळीच्या आगेमागे वाळून जातात. त्यानंतर जूनपर्यंत त्यांचे अस्तित्व उरते ते केवळ मातीतल्या बियांच्या रूपाने; त्यामुळे मे महिन्यात जो माथा ओसाड दिसतो, त्याच्या वरच्या बोटभर थरात पुढच्या भाद्रपदातला सगळा फुलोरा साठवलेला असतो.

ही बी अवकाळी पावसाला सहसा फसत नाही. कवला, टाकळा यांसारख्या शेंगवर्गीय वनस्पतींच्या बियांचे कवच इतके टणक असते की ते उन्हाने, घासण्याने किंवा काळाच्या ओघात सैल होईपर्यंत पाणी आत शिरतच नाही. इतर अनेक बियांमध्ये पाणी सहज शिरते, पण आतला अंकुरच तयार नसतो. कोरड्या, उष्ण हवेत काही महिने काढल्यावर त्याची सुप्तावस्था संपते. आमच्या शेताच्या कडेला असलेल्या कातळपट्टीवरची माती मी एकदा दोन पसरट डब्यांत भरून ठेवली होती. डिसेंबरमध्ये पाणी घातलेल्या डब्यात तीन-चार कोंब आले. दुसरा डबा उन्हाळाभर गच्चीवर तापू दिला आणि जूनमध्ये भिजवला, तेव्हा आठवड्याभरात माती दिसेनाशी झाली. अवकाळीने द्राक्षबागांचे काय होते हे पाहिलेल्या नाशिककरांना या सावधपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

खड्ड्यांमुळे होणारी हानी मात्र सहज लक्षात येत नाही. कांद्याचे उळे खोल पडले तर वर येत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. गेंदाचे किंवा सीतेच्या आसवांचे बी त्याहून कितीतरी बारीक. त्यात साठवलेले अन्न इतके थोडे असते की अंकुराला जाड थर फोडून वर येणे शक्य नसते, आणि अशा बारीक बियांपैकी पुष्कळ बियांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो. कातळावर एक खड्डा खणला की त्यातला मुरूम भोवतालच्या मातीवर पसरतो, आणि खड्ड्यापेक्षा कितीतरी मोठ्या जागेवरचे बियाणे अंधारात गाडले जाते. शिवाय लावलेले रोप तरी एवढ्याशा मातीत किती उन्हाळे काढणार?

बीजगोळ्यांविषयीही थोडे लिहितो. जांभळाचे बी वाळले की मरते. त्यामुळे गेल्या वर्षी वाळवून ठेवलेल्या बियांचे गोळे फेकणे म्हणजे मातीच फेकणे होय. उलट सुबाभळीचे टणक बी जेथे रुजते तेथे फैलावते आणि भरपूर उन्हावर जगणाऱ्या या वनस्पतींवर सावली धरते. ज्या कंदीलपुष्पाला २००६ मध्ये अंजनेरीचेच नाव मिळाले, ती सेरोपेजिया अंजनेरिका अशाच उघड्या माथ्यावर वाढते. तिच्या बियांना रेशमी तंतूंचा झुपका असतो. वाऱ्यावर उडालेले बी टेकेल तेथे आपण मुरुमाचा ढीग करून ठेवलेला असू नये.

झाडे जरूर लावावीत. पण ती पायथ्याशी, जेथे माती खोल आहे आणि पूर्वीच्या जंगलाचे खुंट अजून दिसतात, तेथे. जागा निवडण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा श्रावण-भाद्रपदात ती जागा दाखवावी. यंदाच्या मोहिमांची आखणी होण्याआधी आपण हे पत्र प्रसिद्ध केल्यास मी आपला आभारी राहीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक