नखांवर लिंबू चोळण्याआधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला पुरवणीत नुकताच तुटक्या आणि कोरड्या नखांवरील घरगुती उपायांचा मजकूर प्रसिद्ध झाला. एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या या तक्रारीला आपण जागा दिलीत, याचे समाधान आहे. मात्र नखांवर लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चोळावा, ठेचलेला लसूण रात्रभर बांधून ठेवावा, हे त्यातील दोन उपाय वाचून काळजी वाटली. चोपडा तालुक्यातील खेड्यांमध्ये आरोग्यसेविका म्हणून मी नोकरी केली आहे. कापूस वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आणि नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या बायकांचे हात मी जवळून पाहिले आहेत. त्या अनुभवाच्या आधारे काही गोष्टी आपल्या वाचकांपर्यंत पोहोचाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नखाचा आपल्याला दिसणारा कठीण भाग केराटिन नावाच्या प्रथिनाच्या एकमेकांवर चिकटलेल्या पापुद्र्यांचा असतो आणि तो निर्जीव असतो. जिवंत वाढ होते ती फक्त मुळाशी, कातडीखाली. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला सुमारे सहा महिने लागतात. एकदा चिरलेले टोक कोणत्याही लेपाने पुन्हा सांधले जात नाही, ते कापूनच टाकावे लागते. त्यामुळे ‘आठ दिवसांत नखे मजबूत’ असे सांगणारा कोणताही उपाय, मग तो स्वयंपाकघरातला असो की औषधाच्या दुकानातला, विश्वास ठेवण्याजोगा नाही.

नखाचे पापुद्रे सुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे पाणी, आणि तेही पुन्हा पुन्हा भिजणे व पुन्हा पुन्हा वाळणे. भिजल्यावर नख पाणी शोषून फुगते, वाळल्यावर आकसते. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, तसेच हे आहे. फरक एवढाच की जमिनीवर हा खेळ वर्षातून एकदा होतो आणि घरातल्या बाईच्या नखांवर दिवसातून पंधरा-वीस वेळा. त्यात कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नखांतील उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेतात. बोअरच्या जड पाण्यात फेस होत नाही म्हणून पावडर आणखी सढळ हाताने घातली जाते. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कोरडे वारे सुटतात, तेव्हा ओले हात क्षणात वाळतात आणि नखांचे टोक आणखी ठिसूळ होते.

अशा नखांवर लिंबू आणि सोडा चोळणे म्हणजे आधीच कोरड्या झालेल्या नखांना अधिक कोरडे करणे होय. लिंबाच्या आम्लाने नखाभोवतीची चिरलेली कातडी झोंबते, आणि लिंबाचा रस लागलेली त्वचा कडक उन्हात गेली, तर तिथे भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहू शकतात. ज्या बाईला सकाळी उपाय करून दुपारी शेतात जायचे आहे, तिला हा धोका सांगायलाच हवा होता. ठेचलेला कच्चा लसूण तासन्‌तास बांधून ठेवल्यास कातडी खरोखर भाजते.

उपयोगी पडते ते साधे तेल. शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा खोबऱ्याचे, घरात असेल ते चालते. तेलाने नख लवकर वाढत नाही किंवा जाडही होत नाही, हे मी मुद्दाम सांगते. मात्र ते नखातील ओलावा धरून ठेवते, वाकले तरी नख पटकन तुटत नाही आणि मुळाजवळची कातडी मऊ राहते. रात्री सगळी कामे आटोपल्यावर हात कोरडे पुसून, प्रत्येक नखाच्या मुळाशी, कडांना आणि टोकाच्या खालच्या बाजूने तेलाचा थेंब चोळावा. दिवसा धुणे झाल्यावरही तसेच करावे. व्हॅसलीनही तितकेच गुणकारी आहे. मिरचीच्या कामाआधी हातांना तेल लावले तर जळजळ कमी होते, आणि काम झाल्यावर आधी तेलाने पुसून मग साबणाने हात धुतल्यास तिखट लवकर निघते, कारण मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्यात विरघळत नाही.

रबरी हातमोजे वापरावेत, असे सर्वत्र छापून येते. सल्ला योग्य आहे. आत सुती मोजे घातले तर घामही शोषला जातो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी रबरी मोजे घालून भांडी घासणे किती जणींना जमेल, हा प्रश्न आहे. त्यापेक्षा धुणे आणि भांडी शक्य तितकी एका बैठकीत उरकून हात एकदाच ओले करणे आणि लगेच तेल लावणे अधिक व्यवहार्य वाटते. नखे आखूड ठेवावीत, अंघोळीनंतर मऊ असताना कापावीत आणि मुळाजवळची पातळ कातडी कापू नये, कारण तीच आत पाणी व जंतू जाऊ देत नाही. सतत ओल्या हातांनी काम करणाऱ्यांना नखुरडे होते ते बहुधा तिथूनच. बोट लिंबात खुपसून ठेवण्याची जुनी पद्धत अजून घरोघरी दिसते. पण पू झालेले बोट, विशेषतः मधुमेह असलेल्यांचे, दवाखान्यातच दाखवले पाहिजे.

आखाजीला माहेरी आलेल्या मुली हौसेने मेंदी काढतात आणि मेंदीने नखे बळकट होतात, असे त्यांना सांगितले जाते. पाल्याची मेंदी लावायला हरकत नाही, ती नखाला रंग देते; दुखणे मात्र बरे करत नाही. लवकर रंगणारी ‘काळी मेंदी’ टाळावी, कारण तिच्यात केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने तीव्र ॲलर्जी होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी प्रामुख्याने लेखणी उचलली, ती सांगते. नखे पातळ होऊन मध्ये खोलगट, चमच्यासारखी झाली असतील, सोबत दम लागत असेल, पापण्यांच्या आतली बाजू फिकी दिसत असेल, तर ते दुखणे नखांचे नाही. तो रक्तातील लोहाचा अभाव असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातील प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या पुरवणीतील मजकूर वाचून नखांवर लेप लावणाऱ्या दोघींपैकी निदान एकीला लेपाची नव्हे, हिमोग्लोबिनच्या तपासणीची गरज असण्याची शक्यता आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर रक्तक्षय समजतात. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

बाजरीची भाकरी, तीळ, अळीव, मठ, चवळी, हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. पण जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतला तर त्यातील बरेचसे शरीराला लागत नाही. कामावर निघताना भाकरी आणि चहा एकत्र घेण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. दोन्हींत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. लिंबाचा खरा उपयोग इथे आहे: भाजीवर किंवा वरणावर पिळलेले लिंबू धान्य-डाळींतील लोह शोषून घ्यायला मदत करते. लोहाच्या गोळ्या आशाताई घरपोच देतात, तरी अनेक जणी त्या चार दिवसांत बंद करतात, कारण शौचाला काळे होते आणि मळमळते. काळे होणे हा गोळीचा अपेक्षित परिणाम आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी.

औषधाच्या दुकानातून परस्पर बायोटिनच्या गोळ्या आणण्याची पद्धतही वाढली आहे. त्यांचा उपयोग काही छोट्या अभ्यासांत दिसला असला, तरी जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिलेला आहे. ज्यांची नखे थायरॉइडच्या विकारामुळेच ठिसूळ झाली आहेत, त्यांचे निदान अशा गोळीमुळे हुकू शकते.

एखादेच नख जाड व पिवळे झाले असेल तर बुरशीची शंका घ्यावी. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे असतील किंवा एखाद्याच नखात नवी काळी उभी रेघ उमटून रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. बगळ्यांचा थवा पाहून मुले ज्या ‘कवड्या’ मागतात, त्या नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची मात्र चिंता नको. ते बहुतेक वेळा लहानशा माराने येतात आणि नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात.

आपणास विनंती की, कापूस वेचणी सुरू होण्यापूर्वी या विषयावर त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहून घेतलेला लेख पुरवणीत द्यावा. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडेला टोचून होणाऱ्या जखमांविषयीही त्यात लिहून घ्यावे, तसेच लिंबू-सोडा आणि लसणाच्या उपायांबाबतचा खुलासा त्याच पानावर ठळकपणे छापावा. आधीच्या मजकुराचे कात्रण काही घरांत भिंतीला लावलेले मी पाहिले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. चोपडा, जि. जळगाव