अकिलीसला रोल मॉडेल नका करू हो

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ग्रीक पुराणातल्या हिरोंवर अख्खं पान आलं होतं. बघून आधी बरं वाटलं, कारण आपल्या पेपरांत अकिलीस, हेक्टर ही मंडळी येतात कधी तर शब्दकोड्यात, आडवे शब्द, चार अक्षरी. पण वाचत गेलो आणि कपातला चहा तसाच राहिला. हेराक्लीस म्हणजे चिकाटी, अकिलीस म्हणजे धाडस, थीसियस म्हणजे नेतृत्व, ओडिसियस म्हणजे प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, आणि खाली पिवळ्या चौकटीत 'आजच्या तरुणांनी काय घ्यावं'. एखाद्या पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासची जाहिरात वाचतोय असं वाटलं.

मी काही प्राध्यापक वगैरे नाही, पोस्टातून रिटायर झालेला माणूस आहे, वीसेक वर्षं होमर, म्हणजे इलियड आणि ओडिसी ही महाकाव्यं ज्याच्या नावावर आहेत तो प्राचीन ग्रीक कवी, इंग्रजीतून वाचतोय, आधी बसमध्ये उभ्याने वाचायचो आणि आता बाल्कनीत बसून. त्यामुळे चूक काढायची हौस म्हणून लिहीत नाहीये, पण ही माणसं तुम्ही एवढी धुऊन पुसून इस्त्री करून छापलीत की ओळखूच येईनात.

मुळात हिरो या शब्दापासूनच गडबड आहे. आपल्याला हिरो म्हटलं की पिक्चरमधला डोळ्यांसमोर येतो, चांगला माणूस, शेवटी जिंकणारा. ग्रीकांच्या धर्मात मात्र हिरो म्हणजे मेलेला माणूस, ज्याच्या थडग्यावर नैवेद्य जातो, कारण मेल्यावरही त्याच्यात ताकद आहे आणि ती ताकद कोपली तर गावाचं काही खरं नाही. चांगला होता की वाईट हा प्रश्नच नाही त्यात. पटत नसेल तर क्लिओमिडीसची गोष्ट बघा, पौसानिअस नावाचा माणूस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अख्खा ग्रीस फिरला आणि देवळं, पुतळे, गावोगावच्या कथा लिहून ठेवल्या, त्याच्याकडे आहे. हा क्लिओमिडीस ॲस्टिपालिया बेटावरचा बॉक्सर, इ.स.पू. ४९०च्या आसपास ऑलिंपिकला गेला आणि समोरच्याला जिवानिशी मारलं. पंचांनी फाउल दिला, बक्षीस गेलं, त्या दुःखाने याचं डोकं फिरलं. गावी परत आला, एका शाळेत शिरला आणि छप्पर ज्याच्यावर उभं होतं तो खांब पाडला. आत साठेक पोरं होती.

गावकरी दगड घेऊन मागे लागले तेव्हा हा अथेना देवीच्या देवळात पळाला, तिथल्या पेटीत शिरला आणि झाकण आतून ओढून धरलं. लोकांनी शेवटी फळ्या फोडल्या तर आत कोणी नाही, जिवंत नाही, मेलेला नाही. मग डेल्फीला, म्हणजे अपोलो देवाचा कौल मिळायचा त्या देवळात, माणसं पाठवून कौल घेतला. कौल काय आला माहितीये? हा शेवटचा हिरो, याला बळी द्या, हा आता मर्त्य राहिलेला नाही. आणि ज्या गावाची पोरं गेली ते गाव त्याची पूजा करायला लागलं!

आता हे तुमच्या पिवळ्या चौकटीत कुठे बसवणार?

माझ्या आजीला मात्र ही गोष्ट अर्ध्या वाक्यात कळली असती. आपल्याकडे गावोगावी वीरगळ आहेत, त्यांना शेंदूर लागतो, नारळ फुटतो, गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला एवढं दगडावर दिसतं, बाकी तो घरी कसा वागायचा, बायकोशी कसा बोलायचा, हे कोण विचारतं. ग्रीसमध्येही साधारण आठव्या शतकात, म्हणजे इ.स.पू.च्या, लोक शेकडो वर्षं जुन्या मायसीनी, म्हणजे कांस्ययुगातल्या, थडग्यांपाशी भांडी, नैवेद्य ठेवायला लागले, आत नक्की कोण आहे याचा पत्ता नसताना. आणि हाडांसाठी तर राजकारण व्हायचं. स्पार्टाला टेजिया गाव काही केल्या हरवता येईना, तेव्हा डेल्फीने सांगितलं ओरेस्टीसची, म्हणजे ट्रॉयवर चाल करून गेलेल्या ॲगमेम्नॉन राजाच्या मुलाची, हाडं आणा. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की तिथल्या एका लोहाराला अंगणात विहीर खणताना सात हात लांब शवपेटी लागली होती, एका स्पार्टनने गोडीगुलाबीने ती जागा भाड्याने घेतली, हाडं उकरून गुपचूप घरी नेली, आणि त्यानंतर म्हणे स्पार्टा दर लढाईत वरचढ. अथेन्सनेही तेच केलं, इ.स.पू. ४७५च्या सुमारास किमॉन या सेनापतीने स्कायरॉस बेटावरून थीसियसची म्हणून हाडं वाजतगाजत आणली. त्या जागी पुढे गुलामांना आणि गोरगरिबांना आसरा मिळायचा असं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार लिहितो. म्हणजे जिवंतपणीच्या थीसियसपेक्षा मेलेला थीसियस लोकांच्या जास्त कामाला आला, कारण जिवंतपणी तुमच्या या नेतृत्वगुणवाल्याने काय केलं, तर जिच्या धाग्यामुळे भूलभुलैयातून बाहेर आला त्या एरिआडनीला नॅक्सॉसच्या किनाऱ्यावर झोपलेली टाकून निघून गेला, आणि घरी येताना जहाजाचं काळं शीड बदलायचं विसरला म्हणून, पोरगा मेला असं समजून, बापाने समुद्रात उडी घेतली.

हेराक्लीसच्या चिकाटीबद्दल पण थोडं. तुम्ही लिहिलंत त्याने 'जिद्दीने १२ अवघड आव्हानं स्वीकारली'. अहो स्वीकारली कसली! नेहमी सांगतात ती कथा अशी की हेरा देवीने त्याला वेड लावलं, त्या वेडात त्याने स्वतःची पोरं मारली, आणि ती १२ कामं हे त्याचं प्रायश्चित्त. (युरिपिडीसने नाटकात क्रम उलटा केला, आधी कामं मग वेड, ते अजूनच भयंकर, कारण सगळं निस्तरून घरी आलेला बाप आहे तो.) शिवाय मुळात कामं ठरली होती १०. पण युरिस्थियस राजाने दोन मोजलीच नाहीत, हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाच्या वेळी पुतण्याने मदत केली म्हणून एक बाद, गोठा साफ करताना मजुरी ठरवली म्हणून दुसरं बाद. आणि हे मोजणारे साहेब स्वतः भीतीने रांजणात लपून बसायचे. ३४ वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पण माझं खरं भांडण अकिलीसवरून आहे. इलियड हे ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या युद्धाचं काव्य, आणि त्याचा पहिलाच शब्द आहे 'क्रोध'. धाडस नाही, पराक्रम नाही, क्रोध, आणि लगेच होमर सांगतो की या क्रोधाने ग्रीकांचेच हाल हाल केले, ट्रोजनांचे, म्हणजे ट्रॉयवाल्यांचे, नव्हे. ग्रीकांचा सरसेनापती ॲगमेम्नॉन याने भर सभेत अपमान केला, त्याच्या वाट्याची बाई ब्रिसेइस काढून घेतली, तर हा समुद्राकाठी जाऊन रडत आईला, ती समुद्रदेवता, हाक मारतो आणि काय मागतो, तर देवांचा राजा झ्यूस याला सांग ट्रोजनांना जिंकू दे, आमची माणसं जहाजांपर्यंत रेटत आणून मारली जाऊ देत, म्हणजे त्यांना कळेल माझी किंमत. स्वतःच्या टीमसाठी मागणं आहे हे! आणि तसंच होतं. त्यात शेवटी त्याचा जिवलग पॅट्रोक्लस जातो, याचंच चिलखत घालून.

त्यानंतरचा अकिलीस वाचवत नाही. लायकेऑन नावाचा पोरगा, ट्रॉयचा राजा प्रायम याचाच मुलगा, हातात शस्त्र नाही, गुडघे धरून जीव मागतो, तर हा त्याला मित्रा म्हणतो, मित्रा तूही मर, एवढा रडतोस काय, पॅट्रोक्लस तुझ्यापेक्षा किती भला होता, तोही मेलाच ना, आणि मी एवढा धिप्पाड देखणा, मलाही मरण आहेच. आणि तलवार खुपसतो. १२ ट्रोजन पोरं जिवंत पकडून आणतो आणि पॅट्रोक्लसच्या चितेवर कापतो. पॅट्रोक्लसला मारणाऱ्या हेक्टरला, प्रायमच्याच दुसऱ्या मुलाला, मारल्यावर घोट्यांपाशी भोकं पाडून रथाला बांधतो आणि फरफटवतो, वर तटावरून त्याचे आईबाप बघतायत.

होमर हे लपवत नाही हीच तर त्याची थोरवी आहे, आणि तुम्ही लपवलंत म्हणून एवढा राग आला. ग्रीकांचं काव्य, ग्रीक ऐकणारे, तरी सगळ्यात मायेने लिहिलेला माणूस कोण, तर शत्रूचा हेक्टर. सहाव्या सर्गात तो बायकोला भेटायला येतो, तान्हं पोर त्याच्या शिरस्त्राणावरचा हलणारा तुरा बघून भोकाड पसरतं, आईबाप दोघं हसतात, आणि तो ते शिरस्त्राण काढून खाली जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला घेतो. एवढंच. पण जगातली किती युद्धकाव्यं अशी असतील ज्यात कोणी शिरस्त्राण काढून खाली ठेवतं. बरं हाच हेक्टर पुढे अकिलीस समोर आल्यावर घाबरून पळतो, शहराभोवती तीन फेऱ्या, आणि तरी तो हलका होत नाही आपल्या मनात.

आणि शेवट. म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तळात जातो, ज्याने पोरं मारली त्याचे गुडघे धरतो, त्याच हातांची चुंबनं घेतो, म्हणतो तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि मधूनच पॅट्रोक्लससाठी. मग जेवतात. जेवतात हो! मग अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील, तेवढे दिवस मी युद्ध थांबवतो, आणि म्हातारा हिशोब सांगतो, ९ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला माती रचू, बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर. हे मी दरवेळी दोनदा वाचतो. तुमच्या अख्ख्या पानावर प्रायमचं नावसुद्धा नव्हतं.

रोल मॉडेल केल्यावर काय होतं त्याचंही उदाहरण आहेच की. सिकंदर. इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरल्यावर तो ट्रॉयला गेला, अकिलीसच्या थडग्यावर फुलांचा मुकुट ठेवला, त्याच्या कुळातलाच समजायचा स्वतःला. दोन वर्षांनी गाझा जिंकलं, तिथला सेनापती बेटिस मान वाकवेना, तेव्हा त्याच्या घोट्यांतून वादी ओवून, जिवंत असतानाच, रथामागे शहराभोवती फरफटवलं आणि मी अकिलीससारखा सूड घेतला म्हणून मिरवला, असं कर्टिअस हा रोमन लेखक लिहितो. हे तसंच्या तसं घडलं का यावर अभ्यासक शंका घेतात, घेऊ देत, पण त्या काळच्या वाचकाला ते सहज खरं वाटलं असणार. सिकंदरने इलियडमधला रथ घेतला, प्रायमबरोबरचं जेवण घेतलं नाही.

खुद्द अकिलीसला विचारलंत तरी तो तुमच्या चौकटीवर सही करणार नाही. ओडिसीत ओडिसियस त्याला पाताळात भेटतो, म्हणतो तू जिवंतपणी देवासारखा होतास, आता मेलेल्यांचा राजा आहेस. तर हा म्हणतो, मरणाचं कौतुक मला सांगू नकोस, इथे सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर एखाद्या बिनजमिनीच्या गरिबाकडे मजूर म्हणून राबेन.

जाता जाता दोन दुरुस्त्या, छापायच्या तर छापा. अकिलीसच्या टाचेची गोष्ट होमरची म्हणून दिलीत, ती होमरमध्ये कुठेच नाही, आईने टाच धरून नदीत बुडवलं हे पुढे स्टेशिअस या रोमन कवीकडे येतं, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. आणि ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्याच्या चित्राखाली 'इलियडमधील प्रसंग' लिहिलंय, तर इलियड हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं, घोडा त्यात येतच नाही. तो येतो ओडिसीत, आठव्या सर्गात एक आंधळा गवई घोड्याचं गाणं म्हणतो आणि ज्याने ती युक्ती केली तो ओडिसियस ते ऐकून रडायला लागतो. होमर म्हणतो तो कसा रडला, तर शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून बाई रडते तसा, मागून सैनिक तिला भाल्यांनी ढोसत गुलाम करून नेत असतात तेव्हा. पुढच्या वेळी घोड्याचं चित्र टाकाल तेव्हा खाली एवढं टाका, आणि जागा कमी पडली तर ती पिवळी चौकट काढा.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सातारा