मेडिकलवरच्या कात्रीबद्दल: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. आमच्याकडे ताप आला, घसा धरला की माणूस आधी मेडिकल गाठतो. सगळे दुकानदार तसे नाहीत, पण बरेच जण कात्रीने अँटिबायोटिकचा, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाचा, पत्ता कापून चार गोळ्या पुडीत बांधून देतात. पत्त्यावरची लाल रेघ तुकड्याबरोबर येते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये हा मजकूर दुकानातच राहतो, आणि तोही इंग्रजीत.

अशानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे आता सगळे बोलतात. बायांच्या दुखण्याबद्दल कोणी बोलत नाही. गोळ्या संपल्या की त्या हळूच सांगतात, "खाज काय जात नही व ताई." अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं. तान्ह्या पोराच्या जिभेवर पांढरा थर बसतो, सहज पुसला जात नाही.

हे दुखणं कॅन्डिडा नावाच्या यीस्टचं. ही यीस्ट, म्हणजे बुरशीच, आपल्या आतड्यात थोडीफार असतेच. तिथले जिवाणू जागा आणि अन्न अडवून, आम्लं तयार करून तिला आवरतात. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जिवाणूंची भिंत मोडतं. यीस्टची भिंत वेगळ्या घडणीची, तिला ते लागूच पडत नाही. मग तिला रान मोकळं. साखरेचा आजार असेल तर विचारूच नका. डॉक्टरांना हे जुनंच ठाऊक आहे. 1950च्या दशकात टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या जोडीला यीस्टवरचं निस्टॅटिन देत असत.

प्रत्येक गॅस-ढेकर यीस्टच्या माथी मारून पावडरी विकणारेही आहेत, त्यांच्या नादी लागू नये. बहुतेकांचं आतडं आपसूक सावरतं. न्यूमोनियाच्या लेकराचा डॉक्टरांनी दिलेला डोस तर मुळीच थांबवायचा नाही. माझं भांडण सर्दीवर दिलेल्या ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकशी आहे. सर्दी विषाणूची, तिथं ते काय करणार? वर खाजेला त्याच काउंटरवरून स्टेरॉइडचं मलम! दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी आणखी पसरते.

1 मार्च 2014 पासून एच-1 अनुसूची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या काही औषधांची सरकारी यादी, लागू आहे. त्यातली सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव रजिस्टरला लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. आपल्या निरीक्षकांनी यावल, शिरपूर, धडगावच्या दुकानांत हे रजिस्टर मागावं आणि खरेदीच्या बिलांशी ताडून पाहावं. नुसतं रजिस्टर पाहून काही कळत नाही, ते एका बैठकीत भरता येतं. ॲझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही. ते घालावं म्हणून केंद्राकडे लिहावं. आणि तपासणीत काय सापडलं ते तालुकावार जाहीर करावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. चोपडा, जि. जळगाव