ऐंद्रिय ते सगळेच लैंगिक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात एका शाळेची सहल आलेली पाहिली. बाहेरच्या भिंतीवरील सुरसुंदरींपाशी, म्हणजे कोरलेल्या सुंदर स्त्रियांच्या मूर्तींपाशी, मुले रेंगाळू लागताच सोबतच्या बाईंनी ‘तिकडे बघण्यासारखे काही नाही, रांगेत चला’ असे दटावून त्यांना स्वर्गमंडपाकडे पिटाळले. एक मुलगा तेवढ्यात मित्राला विचारत होता, की दगडातले कापड एवढे पातळ कसे दिसते. बाईंना त्या मूर्तीत फक्त लैंगिक तेवढे दिसले; मुलाला दिसला कापडाचा पोत.

डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांना जे सुखावते ते ऐंद्रिय. लैंगिकतेत शरीरसंबंधाची इच्छा, प्रजनन आणि आपण कोणाकडे ओढले जातो ही स्वतःची ओळखही येते. दोन्हींची शीव एकमेकींना लागून आहे, हे खरे. नवऱ्याने आणलेला गजरा दोन्हीकडचा असतो. पण म्हणून दोहोंना सरसकट ‘कामुक’ म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. गंमत अशी की ज्या कामसूत्राचे नाव निघताच आपला आवाज खाली येतो, त्यात वात्स्यायनाने आधी कामाची सामान्य व्याख्या दिली आहे, ती म्हणजे मनाच्या आधाराने पाचही इंद्रियांची आपापल्या विषयांकडे होणारी अनुकूल प्रवृत्ती; आणि विशिष्ट स्पर्शातून मिळणाऱ्या सुखाचा, म्हणजे आज आपण ज्याला लैंगिक म्हणतो त्याचा, विचार पुढच्या सूत्रात वेगळा केला आहे.

कोल्हापूरकरांना हे समजायला खरे तर पोथी नको. तालमीच्या हौद्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून मुरवलेली तांबडी माती, तिचा गारवा, तिचा वास आणि उघड्या अंगाला भिडणारे उघडे अंग, हे सारे पुरेपूर ऐंद्रिय आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. तोच पैलवान घरी मात्र बारा वर्षांच्या लेकाला जवळ घ्यायला अवघडतो.

या गल्लतीची झळ नवरा-बायकोलाही बसते. अमेरिकेतील लैंगिकतेचे संशोधक मास्टर्स आणि जॉन्सन यांनी लैंगिक अडचणींवर १९७० मध्ये मांडलेल्या उपचारात जोडप्याला सुरुवातीला संभोग चक्क बंद ठेवून केवळ एकमेकांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यायला सांगितले जाते, कारण पुढे काय व्हायलाच हवे याचे दडपण उतरल्याशिवाय स्पर्शाचे सुख जाणवत नाही.

मात्र ‘मी मायेनेच हात ठेवला’ ही पळवाट या भेदातून कोणी काढू नये. समोरच्याला नको असलेला स्पर्श नकोच. शिवाय त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पॉक्सोखालील, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील, गुन्हा होत नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला, तो स्पर्शामागचा लैंगिक हेतू निर्णायक मानूनच.

मी तीस वर्षे चित्रकला शिकवली, त्यामुळे त्या मुलाचा प्रश्न अजून डोक्यात आहे. शिल्पी कापड कोरतच नाही. अंगाच्या वळणावर काठाची एक बारीक रेघ ठेवतो आणि उरलेले वस्त्र बघणाऱ्याचा डोळा विणतो. एवढे सांगायला मी दोन पावले पुढे झालो, तोवर रांग मंडपात शिरली होती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर