गुलाल कारवर की ड्रायव्हरवर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वनवर लेख आला होता, त्यात शेवटी एक वाक्य होतं की अशी कार मिळाली तर कोणीही चॅम्पियन होईल. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. खरं सांगायचं तर हे वाक्य मी रोजच ऐकतो, ठाणे-वाशी लोकलला आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, ऐरोलीला कोणीतरी काडी टाकतो आणि तुर्भे येईस्तोवर हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपेन या दोन ड्रायव्हरांचे चाहते एकमेकांची कॉलर धरायच्या बेतात असतात. पण गप्पा मारणं वेगळं आणि पेपरात छापणं वेगळं ना, म्हणून हे पत्र.

आधी तुमच्या लेखाची बाजू घेतो कारण ती अर्धी बरोबर आहे. आपल्याकडे पनवेल-अलिबागकडे बैलगाडा शर्यती होतात तिथे गाडा जिंकला की गुलाल बैलांवर पडतो, नाव बैलांचं होतं आणि मालकाचं होतं, हाकणाऱ्याला फार कोणी विचारत नाही. फॉर्म्युला वनमध्ये बरोब्बर उलटं, सगळा गुलाल हाकणाऱ्यावर. एड्रियन न्यूवी हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहितीये? या माणसाने डिझाइन केलेल्या गाड्यांमध्ये मॅन्सेल, प्रोस्ट, डेमन हिल, जॅक व्हिलनव, हॅकिनेन, व्हेटेल आणि व्हर्स्टॅपेन असे सात वेगवेगळे ड्रायव्हर चॅम्पियन झाले, विल्यम्स, मॅक्लारेन आणि रेड बुल अशा तीन टीममध्ये. आता या सातही जणांना देवाने एकसारखंच टॅलेंट दिलं होतं असं तर कोणी म्हणणार नाही.

आणि जेन्सन बटन घ्या. २००८ ला होंडाच्या गाडीत अख्ख्या सीझनमध्ये त्याचे पॉइंट्स किती, तर ३. वर्ष संपता संपता होंडाने गाशा गुंडाळला, टीम बॉस रॉस ब्रॉनने ती टीम एका पौंडात घेतली, मर्सिडीजचं इंजिन बसवलं आणि मागच्या डिफ्यूझरमध्ये (गाडीखालची हवा मागे सोडून गाडीला रस्त्याला चिकटवून ठेवणारा भाग) नियमाची फट शोधून अशी काही करामत केली की २००९ च्या पहिल्या ७ पैकी ६ रेस बटनने मारल्या आणि वर्षाअखेर तो वर्ल्ड चॅम्पियन. माणूस तोच, हात तेच, पाय तेच. मग कारच सगळं करते असं वाटणारच की.

पण थांबा. प्रत्येक टीमचे दोन ड्रायव्हर असतात आणि दोघांना सारखीच गाडी मिळते. बटनच्या शेजारच्या गॅरेजमध्ये तशाच गाडीत बॅरिकेलो होता आणि तो काही नवशिका नव्हता, फेरारीत सहा वर्षं काढलेला माणूस, त्याला दोन रेस जिंकता आल्या आणि चॅम्पियनशिपमध्ये तो तिसरा आला. आणि बटन त्यानंतर मॅक्लारेनला गेला तिथे टीममेट कोण, तर हॅमिल्टन. तीन वर्षं दोघं एकत्र होते आणि तीन वर्षांची बेरीज केली तर बटनचे ६७२ पॉइंट्स आणि हॅमिल्टनचे ६५७. (हॅमिल्टनवाल्यांनो चिडू नका, रेस त्याने जास्त जिंकल्या, १० विरुद्ध ८, तेही लिहितोय.) म्हणजे ज्याला सगळे 'कारमुळे चॅम्पियन' म्हणून हसायचे तो माणूस सात वेळच्या चॅम्पियनच्या शेजारी उभा राहून कमी पडला नाही. ३ पॉइंट्सवाला बटन आणि हा बटन एकच आहे हे आपल्याला कळलं कसं? टायटलवरून नाही, टीममेटवरून.

माझं म्हणणं एवढंच आहे. टायटल कार देते, त्यात वादच नाही, पण टायटल म्हणजे मोठेपण नव्हे आणि आपण दोन्हीची सरमिसळ करतो. ड्रायव्हर मोठा आहे का हे बघायचं तर त्याच गाडीत बसलेला दुसरा माणूस कुठे होता ते बघा. २०२३ ला रेड बुलने २२ पैकी २१ रेस जिंकल्या, तेव्हा आमच्या डब्यात एकजण म्हणाला की मी जरी बसलो असतो तरी जिंकलो असतो. पण मग पेरेझ पण त्याच गाडीत बसला होता ना, व्हर्स्टॅपेनने १९ जिंकल्या आणि पेरेझने २, पॉइंट्स ५७५ आणि २८५, म्हणजे निम्मे. आणि पुढच्या वर्षी तर अजून मजा, गाडी ढेपाळली, टीम कन्स्ट्रक्टर्समध्ये (म्हणजे टीमच्या चॅम्पियनशिपमध्ये) तिसरी गेली, पेरेझ आठवा आला आणि व्हर्स्टॅपेनबाबा तरीही चॅम्पियन. ब्राझीलला पावसात १७ व्या नंबरवरून निघून जिंकला. ज्याला ती रेस बघूनही कारच आठवते त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही.

पावसावरून ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना आलाच. १९८४ चं मोनॅको, टोलमन नावाची फाटकी टीम, १३ व्या नंबरवरून निघालेला पोरगा पहिल्या नंबरच्या प्रोस्टला गाठत आला होता आणि तेवढ्यात पावसामुळे रेस थांबवली, सेना दुसरा. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दिवशी त्याच्या मागे स्टेफान बेलॉफ होता, सगळ्यात शेवटून निघालेला, इंजिनला टर्बो नसलेली टायरेल घेऊन, तो तिसरा आला आणि त्याचं नाव कोणी काढत नाही, पुढे टीमचा रिझल्ट रद्द झाला आणि १९८५ ला तर स्पा इथल्या शर्यतीत अपघात होऊन तो वारलाच बिचारा. पाऊस आला की इंजिनची ताकद रस्त्यावर उतरत नाही, ब्रेक कुठे मारायचा आणि कुठल्या लाइनवर ग्रिप आहे हे ज्याला कळतं तो पुढे, म्हणून पावसातल्या रेसमध्ये माणूस जास्त दिसतो आणि गाडी कमी.

२०२० ची बहारीनमधली साखीर रेस तर मला वाटतं या वादासाठीच झाली. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून ऐनवेळी तेव्हा तळाला असलेल्या विल्यम्सच्या जॉर्ज रसेलला मर्सिडीजमध्ये बसवला. विल्यम्समध्ये त्याचा तोवर एकही पॉइंट नव्हता, एकही नाही. कॉकपिट इतकं अडचणीचं की त्याला एक साइज लहान बूट घालावे लागले आणि क्वालिफायिंगमध्ये (रेसला कोण कितव्या नंबरवरून निघणार ते ठरवणारी फेरी) हा मर्सिडीजच्या नेहमीच्या ड्रायव्हर बोटासपेक्षा फक्त ०.०२६ सेकंदाने मागे. रेसमध्ये स्टार्टलाच पुढे गेला, जिंकलाच असता पण टीमने पिटमध्ये बोटासचे टायर त्याला लावले आणि नंतर पंक्चर, शेवटी नववा. यावरून कारवाले म्हणतात बघा, गाडी मिळाली आणि शेवटचा थेट पहिल्या नंबरवर धावायला लागला. मी म्हणतो बरोबर, पण बोटासलाही तीच गाडी होती, चार वर्षं होती. एकाच रेसमधून दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो, काय करणार.

आता टीममेटचं माप म्हणजे सोन्याचा काटा असंही नाही. २००२ ला ऑस्ट्रियाला फेरारीने बॅरिकेलोला फिनिशच्या तोंडावर टीममेट शूमाकरला पुढे सोडायला लावलं होतं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. रेड बुलची गाडी व्हर्स्टॅपेनला आवडते तशी पुढून तीक्ष्ण (म्हणजे स्टिअरिंग जरा वळवलं की नाक झपकन वळणारी) होत गेली आणि मग त्याचे टीममेट गॅस्ली, अल्बन, पेरेझ सगळे त्यात चाचपडले, लॉसनला तर २०२५ ला दोन रेसमध्येच बदलला. म्हणजे गाडी एकाच्या मापाने शिवली तर दुसऱ्याला ती ढगळ होणारच आणि आपण म्हणणार दुसरा कच्चा.

आणि चांगली गाडी मिळवणं हेही ड्रायव्हरचं काम आहे की. शूमाकर दोनदा चॅम्पियन होऊन १९९६ ला फेरारीत गेला तेव्हा फेरारीला ड्रायव्हर्स टायटल मिळून १७ वर्षं होत आली होती, १९७९ नंतर नाहीच. बेनेटनमधून रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न त्याच्या मागोमाग आले, आणि २००० पर्यंत वाट बघावी लागली, मग सलग पाच. ती कार त्याला मिळाली म्हणायची की त्याने करून घेतली? उलट अलॉन्सो, माझ्या मते सेनानंतरचा सगळ्यात पूर्ण ड्रायव्हर, दोन टायटलवर अडकला कारण तो जिथून निघाला ती टीम सुधारली आणि जिथे गेला ती बुडाली. २०१२ ला फक्त ३ पॉइंट्सनी हुकलं त्याचं. त्याला छोटा म्हणायचं का?

आपल्या माणसाचं बोलायचं तर नारायण कार्तिकेयन. २००५ ला इंडियानापोलिसला मिशेलिन टायरवाले सगळे बाहेर पडले, सहाच गाड्या धावल्या आणि तो चौथा आला, ५ पॉइंट्स. लोक अजून हसतात त्यावर. पण नंतर २०११ आणि २०१२ ला त्याच्या एचआरटी टीमची गाडी इतकी हळू होती की मेलबर्नला १०७ टक्क्यांच्या नियमात (क्वालिफायिंगमधल्या सगळ्यात वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत यावं लागतं) बसली नाही म्हणून दोन्ही वर्षी रेसमध्ये घेतलाच नाही, त्यालाही आणि त्याच्या टीममेटलाही. दोघांनाही नाही, हे महत्त्वाचं. पण आपल्या चॅनेलवर बातमी अशी की भारतीय ड्रायव्हर क्वालिफाय झाला नाही. (जाता जाता, पाम बीच रोडवर रात्री बापाची एसयूव्ही पळवणाऱ्या पोरांनीही स्वतःला व्हर्स्टॅपेन समजू नये, तिथे नक्कीच फक्त कारच असते.)

तर माझी विनंती साधी आहे. सोमवारच्या पानावर तुम्ही जिंकणाऱ्याचं नाव, टीम आणि वेळ छापता. त्यापुढे अजून एक गोष्ट छापा, त्याचा टीममेट कितवा आला आणि क्वालिफायिंगमध्ये दोघांत किती फरक होता. फारतर अर्धी ओळ लागेल, आणि पॉइंट टेबलच्या शेजारी पंख्याची जी जाहिरात असते ती जरा खाली सरकली तरी आम्हाला चालेल. पुढच्या रेसपासून जमलं तर बघा.

आपला,
एक वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)